चायना फ्रेमची कटकट

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची आहेत: चीनमधून थेट मागवलेली कार्बनची माउंटन बाइक फ्रेम. सुटी फ्रेम मागवायची, बाकीचे भाग इथे गोळा करायचे आणि सायकल बांधायची, याचं आता पुण्यात कुणाला नवल वाटत नाही. बांधून झाल्यावर मात्र काहीतरी वाजतं, काहीतरी अडकतं, आणि मग फ्रेम माझ्या दुकानाच्या दारात येते. सायकलींकडे वळण्याआधी अकरा वर्षं मी भोसरीतल्या एका कारखान्यात फायबरच्या भागांसाठी साच्यात कापड बसवायचं काम करत होते. त्यामुळे कार्बनचं मला फारसं अप्रूपही नाही आणि धाकही नाही. अंगाची खाज तेवढी आठवते.

ताई, दिवाळीत २९ इंची चाकाची हार्डटेल (मागे शॉकअप नसलेली) फ्रेम मागवली. चढ लागला की उजवा पाय दाबताना दर फेरीला 'टक्' असा आवाज येतो. वेताळ टेकडीवर फिरायला आलेले आजोबा वळून बघतात. दोनदा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांची बेअरिंग, बदलून झालं. तिसरा मेकॅनिक म्हणाला, चायना माल आहे, टाकून द्या. टाकू का? (कोथरूड)

टाकू नका. निदान त्याच्या सांगण्यावरून तरी नको.

कार्बनची फ्रेम म्हणजे पोकळ डबा. एका टोकाची बारीक करकर सगळ्या नळ्यांतून घुमते आणि आपल्याला वाटतं, पायाखालीच वाजतंय. माझीच फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी अगदी हीच तक्रार घेऊन एक काळी फ्रेम आली. मी क्रँक (पेडलच्या दांड्या) काढला, बेअरिंगचे कप काढले, पुसले, परत दाबले. दोन दुपारी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरानं सहज मागच्या चाकाचा ॲक्सल उपसून पुसला. ठणठणीत कोरडा होता आणि आट्यांत तांबडी माती भरलेली. बोटभर ग्रीस लावून परत घातला, आवाज गायब. त्या दोन दुपारींचे पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही.

तर आधी उभं राहून पेडल मारा. बसल्यावरच आवाज येत असेल तर सीटचे रेल आणि सीटपोस्ट बघा. उभं राहूनही येत असेल तर पेडल काढून आटे पुसा आणि ग्रीस लावा. मग चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, मग मागचा ॲक्सल, मग हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा. हँगर आवळलेला दिसतो, पण त्याच्यामागे चिखल वाळून बसलेला असतो, म्हणून तो काढूनच पुसायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला. हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) ढिला असेल तर तिथे ठेवलेल्या बोटाला कळतं. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रूसुद्धा वाजतात, हसू नका. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि चक्कर मारून बघायची. सगळं एकदम केलं की आवाज जातो, पण कशानं गेला ते कळत नाही, आणि महिन्याभरात तो परत येतो.

एवढं करूनही वाजत राहिलं तर बॉटम ब्रॅकेटकडे वळू. फोटोवरून तुमची फ्रेम प्रेसफिट दिसते, बीबी९२ मापाची. त्यात आटे नसतात, ४१ मि.मी.च्या भोकात कप दाबून बसवतात. दोनदा कप बदलले म्हणता, पण भोक कुणी मोजलं का? चप्पल सैल असेल तर नवा अंगठा शिवून ती घट्ट होते का? मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका फ्रेमचं भोक व्हर्नियरवर आडवं ४१.०२ भरलं आणि उभं ४१.१४. म्हणजे भोक गोल नव्हतंच, जरा अंड्याच्या अंगानं गेलेलं. चढावर जोर आला की कप त्या फटीत सरकायचा. व्हर्नियरवर इतक्या बारीक फरकाचा नुसता अंदाज येतो. पक्कं माप हवं असेल तर इंजिनचं बोअरिंग करणाऱ्या कारागिराकडे जा, त्याच्याकडे बोअर गेज असतो. मी ज्यांच्याकडे जाते ते ट्रकचे ब्लॉक मोजतात. पहिल्यांदा फ्रेम घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, हे इंजिन कुठलं?" पण माप घेतलं आणि चहाही पाजला.

फट थोडी असेल तर रिटेनिंग कंपाउंड चालतं, लॉकटाइट ६०९ किंवा त्या जातीचं. हे धातूला लागून घट्ट होणारं रसायन आहे. कार्बन आणि प्लास्टिकच्या मध्ये ते एकटं नीट धरत नाही, त्याच्या जोडीचं प्रायमर लागतं. शिवाय काही प्लास्टिक त्यानं तडकतं, म्हणून धातूचे कप घेतलेले बरे. ग्रीसचा अंश उरता कामा नये, आणि एकदा बसवल्यावर दिवसभर सायकलला हात लावायचा नाही. फट जास्त असेल तर दोन्ही कप आतून आट्यांनी एकमेकांत आवळले जातात असं बॉटम ब्रॅकेट मिळतं, ते घ्या. ते भोकाच्या पकडीवर फारसं विसंबून राहत नाही.

दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसतील तर मात्र इलाज अवघड. नवी बेअरिंग दोन-तीन महिन्यांत खरखरायला लागली तर हाच संशय घ्या आणि विक्रेत्याला मापांचे फोटो पाठवा. नुसतं "आवाज येतो" लिहिलंत तर "ग्रीस लावा" असं उत्तर येईल. "४१.१४" लिहिलंत की समोरचा माणूस बदलतो.

सायकल गाडीत घालताना मागचा ॲक्सल हरवला. १२ मि.मी.चा नवा मागवला तर दोन आटे जातो आणि अडकतो. जोर लावू का? (नाशिक)

पाना खाली ठेवा, मग पुढचं वाचा.

१२ ही ॲक्सलची जाडी झाली. आट्यांचं अंतर वेगळं असतं, आणि सायकलींत त्याचे तीन प्रकार सर्रास सापडतात: १.०, १.५ आणि १.७५ मि.मी. तिन्ही दिसायला सारखे, तिन्ही एकमेकांत दोन आटे जातात, आणि तिसऱ्याला फ्रेममधला आटा कापायला लागतात. जुना ॲक्सल हरवल्यामुळे मोजायला फ्रेमचीच बाजू उरली. नट-बोल्टच्या दुकानातून १२ चा साधा बोल्ट आणा, त्याचा आटा १.७५ चा असतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बारीक आट्याचा १२ बाय १.५ मिळतो, तोही आणा. दोन्ही बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून बघा. जो शेवटपर्यंत लोण्यासारखा जाईल तो तुमचा. दोन्ही अडले तर बहुधा १.०.

लांबीची वेगळीच गंमत. मागच्या हबची रुंदी १४२ आहे की १४८, एवढ्यावर ॲक्सलची लांबी ठरत नाही. फ्रेमच्या दोन्ही कानांची, म्हणजे ॲक्सल ज्यांत बसतो त्या टोकांची, जाडी त्यात मिळवावी लागते. अगरबत्तीची काडी आरपार घालून खूण करा आणि मग मापानं मागवा. आणि एक बघाच: तुमच्या फ्रेमचे आटे कार्बनमध्ये चिकटवलेल्या धातूच्या तुकड्यात आहेत की हँगरच्या नटात? नटात असतील आणि कापले गेले असतील तर नवा नट आणला की काम झालं. चिकटवलेला तुकडा जागेवरच गरगर फिरायला लागला असेल, तर ते काम घरी करायचं नाही.

सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आहे. दोन पावसाळ्यांनंतर आता वरखाली होत नाही. खालून हातोडी मारून बघितली. (मालवण)

हातोडी कशाला हो!

खारी हवा, मधे ओल, आणि कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम. कार्बनमधून वीज वाहते. ओल मिळाली की दोघांची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी पूड फुगते आणि पोस्ट गच्च बसतो. चांगल्या फ्रेमच्या आत तिथे काचेच्या धाग्यांचा किंवा धातूचा थर असतो. तुमच्या फ्रेममध्ये आहे का, हे टॉर्च मारून आत बघितल्यावर कळेल.

क्लॅम्प पूर्ण काढा. बॉटम ब्रॅकेट काढलेलं असेल तर सायकल उलटी करून तिथून, नाहीतर सरळ ठेवून वरच्या कडेनं, गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सीट धरून हळूहळू पिळायचा प्रयत्न करा, उपटायचा नाही. तीन-चार दिवस हेच. ब्लो-लॅम्प किंवा हीट गन अजिबात नको, कार्बनच्या धाग्यांना धरून ठेवणारी राळ मऊ पडली तर फ्रेमच गेली. तरीही निघाला नाही तर पोस्ट कापून आतून करवतीनं चिरत काढतात. ते काम मी तीनदा केलंय आणि तिन्ही वेळा आता हे काम परत घेणार नाही म्हणून ठरवलंय.

नवा पोस्ट बसवताना ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावा. त्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड मिळते. फ्रेमवर किंवा क्लॅम्पवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यासाठी टॉर्कचा पाना घ्या, मनगटाचा अंदाज इथे चालत नाही. पावसाळ्यात दर महिन्याला पोस्ट काढून पुसायचा. कोकणात लोखंडी खिडकीला आपण दरवर्षी रंग देतो की नाही, तसंच.

धुवायला, सर्व्हिसिंगला सायकल स्टँडला अडकवताना फ्रेमच्या आडव्या नळीला पकडलं तर चालेल ना? (सातारा)

नाही. नळीची भिंत पातळ असते आणि ती वरून येणारा भार सोसायला केलेली असते, चिमट्याचा दाब सोसायला नाही. सीटपोस्टला पकडा. गाडीच्या कॅरियरलाही हेच लागू. आणि प्रेशरचा पाइप बेअरिंगवर रोखू नका.

काकू म्हणू की ताई कळत नाहीये. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ठिकाणी 'टी८००' फ्रेम मिळतेय, दुसरीकडे 'टी१०००' आठ हजार जास्त देऊन. टी१००० जास्त कडक असेल ना? बाबा म्हणतात, चायनाची फ्रेम रस्त्यात मोडेल. (ठाणे)

काकू म्हण, मला चालतं.

हे टी-आकडे जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांचे. टी७०० चा धागा ४९०० मेगापास्कल ताण सोसतो, टी८०० चा सुमारे ५८८०, टी१००० चा सुमारे ६३७०. हे झालं मजबुतीचं. कडकपणा म्हणजे मॉड्युलस, तो टी८०० आणि टी१००० या दोघांचाही २९४ गिगापास्कलच. म्हणजे 'जास्त कडक' म्हणून आठ हजार द्यायचे असतील तर तुझ्या पुस्तकातच उत्तर आहे. शिवाय हे आकडे नुसत्या धाग्याचे. फ्रेममध्ये धागा राळेत बुडवलेला, वेगवेगळ्या कोनांत कापलेला आणि थरावर थर बसवलेला असतो. कुठला तुकडा कुठल्या कोनात, किती थर, वळणावर सुरकुती पडली की नाही, फ्रेमचं नशीब त्यावर ठरतं. आमच्याकडे एकाच साच्यात, एकाच कापडातून, सोमवारी सकाळी आणि शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या मालात फरक पडायचा. वरती चौकटीची वीण दिसते तिच्यावरही भाळू नकोस. बहुतेक वेळा ती शेवटच्या थराची शोभा असते.

बाबांना सांग की नामांकित कंपन्यांच्या कितीतरी कार्बन फ्रेमही चीन आणि तैवानमध्येच बनतात. शियामेन शहराच्या आसपास या धंद्याची मोठी वस्ती आहे. बाबांचं चुकतं ते देशाच्या नावावर. त्यांची काळजी मात्र खरी आहे, कारण नामांकित कंपनी दोष निघाला तर आपल्या नावासाठी धावते. सुट्या विक्रेत्याच्या मागे तुलाच धावावं लागेल. 'ओपन मोल्ड' म्हणजे साचा कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसतो, त्यातली फ्रेम दहा नावांनी विकली जाते. बाहेरचा आकार सारखा असला म्हणून आतले थर सारखे असतीलच असं नाही.

त्यामुळे पैसे भरण्याआधी विक्रेत्याला कामाचं विचार. मापांचं ड्रॉइंग पाठवा म्हण: बॉटम ब्रॅकेट कुठलं, हेडसेटची बेअरिंग कुठल्या मापाची, मागची रुंदी किती, ॲक्सलचा आटा किती, चेनरिंग जास्तीत जास्त किती दातांची बसते. जो हे एका दिवसात पाठवतो तो निदान आपली फ्रेम ओळखतो. सायकलच्या सुरक्षेच्या आयएसओ ४२१० मानकाच्या चाचणीचा अहवाल माग, आणि त्यावरचं मॉडेल तुझ्याच फ्रेमचं आहे का ते बघ. दुसऱ्याच फ्रेमचा कागद पाठवायची युक्ती जुनी आहे. शक्यतो आटे असलेलं बॉटम ब्रॅकेट घे, वरचं कोथरूडकरांचं पत्र वाच म्हणजे कारण कळेल. हँगर स्रॅम कंपनीनं २०१९ मध्ये आणलेल्या यूडीएच पद्धतीचा (वेगवेगळ्या फ्रेमना एकच हँगर) असेल तर उत्तम, तो कुठेही मिळतो. नाहीतर फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे हँगर मागव. आपल्याकडच्या दगडांत हँगर वाकतोच, आणि वीस ग्रॅमच्या तुकड्यासाठी सायकल दीड महिना भिंतीला टेकून राहते.

"कस्टमसाठी किंमत कमी लिहू का?" असं विक्रेता आपणहून विचारेल. नको म्हण. वाटेत फ्रेम फुटली तर भरपाईही त्याच कमी किमतीवर मागावी लागते. मोठ्या कंपनीचं नाव रंगवून देतो म्हणाला तर तिथेच थांब. आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढ, एका झटक्यात, मधे न थांबता.

पन्हाळ्याच्या उतारावर दगड उडून डाउनट्यूबला (खालच्या तिरक्या नळीला) खालून लागला. बॉटम ब्रॅकेटच्या चार बोटं वर केसासारखी रेघ दिसते. मेव्हणे म्हणतात रंग गेलाय. विक्रेता फोटो बघून म्हणतो, फक्त रंग, काळजी नको. बायको म्हणते सायकल विका. कुणाचं ऐकू? (कोल्हापूर)

विकू नका, कारण घेणाराही माणूसच आहे. बाकी दोघांचंही इतक्यात ऐकू नका. मेव्हण्यांनी बहुधा वाकून बघितलेलं नाही आणि विक्रेत्यानं हात लावलेला नाही.

लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला मार लागला की पोचा पडतो, दिसतो. कार्बनमध्ये वरून केसभर रेघ आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. आधी जागा स्वच्छ धुवा. मग कापसानं स्पिरिट फिरवा आणि लगेच पुसा. पृष्ठभाग वाळतो, पण चिरेत स्पिरिट क्षणभर टिकतं आणि ओली रेघ उठून दिसते. नख आडवं फिरवा, अडकतं का बघा. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यानं दाबा; शेजारच्या भागापेक्षा मऊ लागलं, किंवा चुरचुरलं, तर विषय संपला, त्या सायकलवर बसायचं नाही.

नंतर नाणं घ्या, रुपयाचं चालेल. माठ विकत घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतो ना, तसं रेघेपासून लांबून सुरुवात करून टिचक्या मारत जवळ या. टणक 'टिक् टिक्' असताना मधेच 'थप्' असा बसका आवाज आला तर आत काहीतरी सुटलंय. पण नळीची जाडी जागोजागी बदलते, आणि बॉटम ब्रॅकेटजवळ तर जास्तच, त्यामुळे आवाजही आपोआप बदलतो. म्हणून उजवीकडची जागा वाजवली की डावीकडची तीच जागा वाजवायची. तरी नाण्याला सगळं कळत नाही. बसका आवाज आला तर दोष धरून चाला. चांगला आवाज आला म्हणजे फ्रेम निर्दोष, असं मात्र धरू नका.

हे इतकं ठासून सांगायचं कारण माझंच आहे. तीन वर्षांपूर्वी एका मुलानं चेनस्टेवरची, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरची, अशीच रेघ दाखवली. शनिवार, गर्दी, हातात दुसऱ्याचं चाक. मी उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "रंग आहे रे, जा." दीड महिन्यानं तो परत आला तेव्हा रेघ नळीला वळसा घालून आतल्या अंगाला पोचली होती. पोरगा पडला नव्हता, एवढंच. तो मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून संशयाच्या रेघेच्या दोन्ही टोकांना मी टोकदार पेन्सिलीनं खूण करते आणि शेजारी चिकटपट्टीवर तारीख लिहिते. खुणेपलीकडे केसभरही सरकली तर तो रंग नव्हे.

तुमची रेघ मात्र खुणा करून वापरत बघायच्या जागी नाही. डाउनट्यूबचा तो भाग सगळ्यात जास्त भार घेतो आणि पन्हाळ्याचा उतार तुम्हाला माहीत आहे. निकाल लागेपर्यंत सायकल भिंतीला टेकवा. एम-सील किंवा घरगुती एपॉक्सीनं रेघ बुजवू नका, त्यानं फक्त पुरावा झाकला जातो. नीट दुरुस्तीत खराब थर उतरत्या पायऱ्यांसारखे घासून काढतात, त्याच दिशांनी नवे थर बसवतात, दाबाखाली आणि बेताच्या उष्णतेत राळ मुरू देतात. ती झाली की फ्रेम पुन्हा वापरता येते. वजन थोडं वाढतं, रंग कधीच जुळत नाही. घासताना उडणारी काळी धूळ मात्र फुप्फुसाला वाईट, म्हणून चांगला मास्क नसेल तर घरी कानसही लावू नका.

मला रेघेचे तीन फोटो पाठवा: एक शेजारी पट्टी धरून, एक बॅटरीचा झोत तिरका पाडून, एक स्पिरिट पुसल्याच्या पुढच्याच सेकंदाला. फ्रेम पुण्याला पाठवणार असाल तर चाकं, क्रँक आणि फोर्क काढून नुसती पाठवा, आणि मागच्या दोन कानांच्या मधे तुमच्या मागच्या हबच्या रुंदीइतका लाकडी ठोकळा बसवा. मागच्या महिन्यात एक फ्रेम ठोकळ्याविना आली. रेघ रंगाचीच होती, पण प्रवासात कान दाबले जाऊन चेनस्टे फुटला.